व्हर्लिनचा कोपरा

शाळेच्या जिममध्ये शिरल्यावर अर्डिस उजवीकडे वळली नाही.

"अगं, इकडे!" बास्केटबॉलच्या खांबाखालून रोलंडने हाक मारली. त्याच्यामागे भिंतीवर सिनेटरचं पोस्टर होतं. तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, पक्षाघात व्हायच्या आदल्या आठवड्यात ते स्वतः रंगवलं होतं.

चाळीस वर्षं ती कॉकसला, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेला, व्हर्लिनच्या मागोमाग येत होती आणि तो सांगेल त्या कोपऱ्यात उभी राहत होती. आयोवात या दिवशी चिठ्ठी नाही, पेटी नाही. जो उमेदवार आवडतो त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्या गावासमोर उभं राहायचं. नवऱ्यासमोरसुद्धा. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मत नाही.

तिने बुटांवरचं बर्फ झटकलं आणि डावीकडे गव्हर्नरबाईंच्या कोपऱ्यात गेली. शाळेतल्या एका तरुण मास्तरणीने तिच्या हातात कॉफी दिली.

"तुम्ही चुकून तर नाही ना आलात इकडे?"

"नाही," अर्डिस म्हणाली. तिचाच आवाज तिला फार मोठा वाटला.

गव्हर्नरबाई मका निघायच्या दिवसांत वाचनालयात आल्या होत्या. आपल्या इस्पितळातला बंद पडलेला बाळंतपणाचा विभाग पुन्हा उघडायला हवा, असं म्हणाल्या होत्या. बाकी काय बोलल्या ते अर्डिसच्या लक्षात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची लेक कळा देत पन्नास मैलांवरच्या इस्पितळाकडे निघाली आणि बाळ वाटेतच गेलं. व्हर्लिन त्यावर एक अक्षर बोलला नव्हता. तो मक्याच्या भावाबद्दल बोलायचा, सिनेटरबद्दल बोलायचा.

पोस्टातली मर्ना खुर्चीवर चढली. आज तीच सभेची अध्यक्ष होती.

"अठ्ठ्याहत्तर जण हजर आहेत," ती ओरडली. "म्हणजे पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने बाराच्या खालचा गट बाद. कोपरा बदलायचा असेल, माणसं ओढायची असतील, तर अर्धा तास देते. आणि भांडू नका. उद्या सगळ्यांना माझ्याच खिडकीशी यायचंय."

लोक हसले. सिनेटरच्या कोपऱ्यात कुणी हसलं नाही. ते अकरा होते.

रोलंड टोपी हातात घेऊन अख्खी जिम ओलांडून आला.

"अर्डिस, आम्ही अकरा आहोत."

"मोजलं मी."

"व्हर्लिन असता तर झाले असते बारा."

"मी आणणार होते त्याला, चाकाच्या खुर्चीतून. डॉक्टर म्हणाले, या थंडीत नेलंत तर परत आणाल याची खात्री नाही."

"मग तू ये ना त्याच्या जागी. अगं, ही अकरा माणसं त्यानेच एकेक करून जमवलीत. तोंड वाकडं झाल्यावरही फोन करत होता. मला त्याचं निम्मं बोलणं कळलं नाही, तरी मी हो म्हटलं. तुम्ही इथे चाळीस जण आहात. एक कमी झालं तर काय बिघडणार आहे?"

"त्याच्या जागी मी उभी राहिले, तर माझ्या जागी कोण?"

 रोलंड हातातली टोपी नुसती फिरवत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. व्हर्लिन आजारी पडल्यापासून रोज सकाळी येऊन तो त्यांच्या अंगणातलं बर्फ काढून जायचा, चहा-कॉफीलाही थांबायचा नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. अर्डिसला रडू येत होतं आणि सगळं गाव बघत होतं.

मर्नाने शिट्टी वाजवली. अर्डिस हलली नाही.

सिनेटरचा गट बाद झाला. अकरांतले सहा दुसऱ्या कोपऱ्यांत गेले, बाकीच्यांनी कोट चढवले. रोलंडने पोस्टर भिंतीवरून हळूच सोडवलं, गुंडाळलं आणि अर्डिसकडे दिलं.

"त्याला दे," तो म्हणाला. "बाहेर जपून चाल, पायऱ्यांवर बर्फ धरलंय."

घरी लेक बापापाशी बसली होती. आई आलेली बघून तिने खुर्ची रिकामी केली आणि दाराशी जाऊन खुंटीवरचा आपला कोट घेतला. व्हर्लिन जागाच होता. त्याने गुंडाळलेलं पोस्टर पाहिलं.

"किती?" त्याने अर्ध्या तोंडाने विचारलं.

"अकरा."

तो उजव्या हाताचं बोट पांघरुणावर टेकवत मोजू लागला. रोलंड. रोलंडची बायको. गिरणीवाले दोघे भाऊ. एकेका नावापाशी दम घेत तो अकरापर्यंत आला. मग बारावं नाव घ्यायला त्याने बोट उचललं आणि अर्डिसकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती.

"गाडी... अडकली? बर्फात?"

नुसती मान हलवायची होती. तेवढ्यावर भागलं असतं, आणि तो सुखाने झोपला असता.

"नाही," अर्डिस म्हणाली. "मी वेळेवर पोचले होते."

दाराशी लेक एका बाहीत हात घालून तशीच थांबली. व्हर्लिनने बराच वेळ लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याचं बोट अजून वरच होतं. त्याने ते टेकवलं नाही. हात पांघरुणाखाली घेतला.