टाळं कुणी लावलं

शाळेला टाळं ठोकायला सगळी वाडी सकाळीच जमली, पण टाळं कुणीच आणलं नव्हतं. देवजीला वाटलं पोरगा अनिल आणेल, अनिलला वाटलं बाप आणेल. दाराला शाळेचं कुलूप होतं, पण ते रोजचंच.

"मग हाये ना बंद. चला घरी," सकुबाई म्हणाली.

"ते कालचं बंद हाये," देवजी म्हणाला. "आजचं आमी करनार." तो शाळा समितीचा अध्यक्ष होता आणि आंदोलन त्याचं होतं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या शाळेत चार वर्ग होते आणि शिकवायला माधुरीबाई एकट्या. दुसऱ्या मास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. बाई चौथीला भागाकार समजवायला लागल्या की पहिली ओढ्यावर खेकडे धरायला जायची. अर्ज देऊन झाले, मुरबाडला तालुक्याच्या कचेरीत खेपा मारून झाल्या. शेवटी अनिलनं सांगितलं, टाळं ठोकल्याबिगर वरचे हलत नाय.

बाईंची स्कूटर आली. हेल्मेट काढायच्या आत देवजी पुढे झाला.

"बाई, तुमी आधी कुलूप उघडा. मग आमी लावतो."

"देवजीकाका, मी सरकारी नोकर. मला या भानगडीत कशाला घेता?"

"तुमी नुसतं उघडा. ते तर रोजच उघडता."

त्यात गैर काही नव्हतं. बाईंनी दार उघडलं, फळा आणि खिचडीचं सामान बाहेर काढून घेतलं. मग अनिल कुलूप लावायला गेला. ते जुनं होतं, त्याच्यानं बसेना. देवजीच्यानंही बसेना. सकुबाईनं दगड उचलला तेव्हा मात्र बाईंना राहवलं नाही. "सरका," त्या म्हणाल्या. कडी जरा वर उचलून त्यांनी खटकन कुलूप लावलं आणि सवयीनं किल्ली पर्समध्ये टाकली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापकही त्याच होत्या, वर कळवणं भागच होतं. बाईंनी केंद्रप्रमुखांना फोन केला. आसपासच्या शाळांवर देखरेख त्यांची होती.

"सर, शाळेला टाळं लागलंय."

"कुणी लावलं?"

"लागलंय, सर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पोरं करंजाखाली बसवली आणि शिकवायला सुरुवात केली. आंदोलकांना दुसरं काही काम नव्हतं, तेही मागे बसले.

दुपारच्या आत केंद्रप्रमुख हवालदाराला घेऊन आले.

"सरकारी कामात अडथळा आणलाय तुम्ही," ते देवजीला म्हणाले. "गुन्हा दाखल होतो याला. हवालदार, नावं घ्या सगळ्यांची."

अनिल सकुबाईच्या मागे सरकला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे वैशाखऱ्याच्या रस्त्यावर धावायचा. गुन्ह्यात नाव आलं की धावणं संपलं, हे सगळ्यांना माहीत होतं. देवजीचा चेहरा उतरला.

"माझं एकट्याचं लिवा, सायेब."

"थांबा बाबा," हवालदार म्हणाला. "टाळं लावलं कुणी ते सांगा आधी. हात कुणाचा लागला?"

बाईंनी एकदा अनिलकडे पाहिलं.

"मी लावलं," त्या म्हणाल्या आणि पर्समधून किल्ली काढून दाखवली.

हवालदारानं किल्ली पाहिली, कुलूप पाहिलं. "कुलूप शाळेचं, किल्ली शाळेची, लावलं मुख्याध्यापकांनी. सर, यात गावाचा गुन्हा कुठला?"

"बाई, काय बोलताय कळतं का तुम्हाला?" केंद्रप्रमुख म्हणाले. "हे मी वर कळवलं तर निलंबन होईल तुमचं."

"कळवा, सर."

केंद्रप्रमुखांनी फोन काढला आणि नंबर शोधायला लागले.

"बाईंला घरी बसवल्यावर शिकवनार कोन?" सकुबाईनं विचारलं. "तुमी?"

त्यांचं बोट थांबलं. शिक्षक नसलेली शाळा त्यांच्याच गळ्यात पडणार होती, हे त्यांच्या लक्षात आलेलं सगळ्यांना दिसलं. फोन खिशात गेला.

"उघडा ते कुलूप," ते म्हणाले.

"उघडतील की," देवजीला आता धीर आला होता. "पन आज आलाच हायसा तर पहिली-दुसरी तुमी घ्या. बाई तिसरी-चौथी घेतील. दोन शिक्षक असले की कसं होतं ते बघू तरी आमी."

हवालदार हसला. बाईंनी कुलूप उघडलं, फळा परत आत गेला. केंद्रप्रमुखही एके काळी शिक्षकच होते. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि पहिली-दुसरीच्या खोलीत गेले.

आतून 'अ अननसाचा' ऐकू आलं. मग पहिलीतल्या भूमिकाचं रडणं ऐकू आलं, मग "तू कुठं चाललास?" आणि मग "तुम्ही सगळे कुठं चाललात?" खिडकीतून एक पोरगं बाहेर उतरलं, त्याच्या मागून दुसरं. हवालदारानं दोघांना धरून परत आत सोडलं.

खिचडी व्हायच्या आधीच केंद्रप्रमुख व्हरांड्यात आले. शर्टाला खडू लागला होता. फोनला रेंज धड नव्हती, त्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"साहेब, टाळ्याचं मिटलं... नाही, गुन्हा नाही... साहेब, पोलीस राहू द्या, मास्तर पाठवा... पुढच्या महिन्यात नाही, उद्याच पाठवा. अहो, एकट्या माणसाचं काम नाही हे!"

अंगणात बसलेल्या वाडीनं कान टवकारले. पलीकडच्या खोलीत माधुरीबाई चौथीच्या फळ्यावर भागाकार मांडत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण हातातला खडू थांबला होता.