सुटकेचा हुकूम

रोमन साम्राज्यातल्या सेर्दिका शहराचा तुरुंगाधिकारी वरुस कोठडीचं दार उघडून म्हणाला, "ऊठ गं, सुटलीस! आता ख्रिस्ताचं नाव घेणं गुन्हा नाही, सम्राटांचाच हुकूम आलाय. फक्त त्यांच्या प्रकृतीसाठी तुमच्या देवाजवळ प्रार्थना करायची."

द्रोसिस भिंतीला धरून उठली. परवाच याच गुन्ह्यासाठी तिच्या नवऱ्याचं, एवान्द्रचं, मुंडकं उडवलं होतं.

"दोन दिवस आधी आला असता तर?"

"ज्याचं त्याचं नशीब. निघ आता, डोकं खाऊ नकोस."

फाटकावर हुकूम ठोकलेला होता. भोवतीची माणसं तिला बघून थुंकली. "आली बघा, आपल्या देवांना नाक मुरडणारी!" कोणीतरी ओरडलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती हुकुमापुढे उभी होती; तिची नजर एकेक ओळ खाली सरकत होती. शेवटी कचेरीची नोंद होती, हुकूम शहरात पोचल्याच्या दिवसाची.

ती मागोमाग फाटकापर्यंत आलेल्या वरुसकडे वळली.

"पाच दिवस झाले, वरुस. एवान्द्रला नेलं तेव्हा हा हुकूम तुमच्याकडे होता."

वरुस हसून म्हणाला, "अगं बाई! तुला वाचता येतं होय?"