अर्धा श्वास

“अगं, श्वाससुद्धा सोडला नाही या बाईंनी!” वेंडेल क्राउसनं टेबलावर हात आपटला, तशी मार्लीनची कॉफी कागदांवर सांडली.

मार्लीननं कागद पुसले. हॉलिवूडशेजारच्या बरबँकमधल्या, सिनेमांचे ट्रेलर बनवणाऱ्या एका कंपनीत संगीत निवडायचं काम तिच्याकडे होतं. ड्रॅगनच्या नव्या सिनेमाचा ट्रेलर शुक्रवारी थिएटरांत लागणार होता, आणि त्यात वाजणारं समूहगान कुणाचं, यावरून सोमवारपासून रण पेटलं होतं.

समोर सिरानुश गालस्त्यान बसली होती. पन्नाशीची बाई, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. ग्लेंडेलच्या आर्मेनियन चर्चमधली गाणी ती बसवायची. ट्रेलरचं हे तिचं पहिलंच काम. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून तिला दम लागला होता.

वेंडेलचा संताप तरी काय खोटा होता? वीस वर्षं या माणसानं मांत्रिकांसाठी, जळणाऱ्या किल्ल्यांसाठी, मेलेल्यांच्या फौजांसाठी गाणी रचली. अख्खं थिएटर शहारायचं, आणि पडद्यावर नाव? छे! ट्रेलरमध्ये संगीतकाराचं नाव घालायची पद्धतच नाही. तेही त्यानं गिळलं. पण दोन वर्षांपूर्वी याच मार्लीनला दिलेली, तिनं ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली चाल आता दुसऱ्याच्या नावावर? कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

“ऐक,” त्यानं आपलं गाणं लावलं. “दुसरी ओळ. सूर वर चढायच्या आधी गाणारी अर्धा श्वास घेते. कळलं? ती चूक आहे. मला कापून टाकता आली असती, पण मी मुद्दाम ठेवली. काळजाला हात घालते ती. आता यांचं ऐक.”

सिरानुशचं गाणं लागलं. तीच चाल. त्याच जागी अर्धा श्वास.

“बघितलंस? चोर भांडी नेतो, यांनी चुलीतली राखसुद्धा नेली!”

“तुझं कुणी गायलंय?” मार्लीननं विचारलं.

“पेटीनं. कॉम्प्युटरमधली ती गायकांची पेटी गं, आपल्या धंद्यात सगळ्यांकडे आहे. चाळीस बायकांचे रेकॉर्ड करून भरलेले आवाज, शिवाय एक एकटी गाणारी. पट्टी दाबली की गातात. मानधन नको, चहा नको, नखरे नकोत.”

“त्यात तयार चालींचे तुकडेही असतात ना?”

“असतात. नवशिके वापरतात ते. माझी चाल इथून येते,” त्यानं कपाळावर बोट आपटलं.

“माझ्याकडे पेटी नाही,” सिरानुश हळूच म्हणाली. “हे मी गायलंय. मागं माझ्या चर्चच्या बायका आहेत. चाल माझी आहे.”

“वा! चोराच्या उलट्या बोंबा!”

“वेंडेल, आवाज खाली,” मार्लीन म्हणाली. “तारखा बघू.”

या धंद्यात भांडण तारखेवर मिटतं. ज्याची फाइल आधीची, त्याची चाल. सिरानुशची फाइल गेल्या ऑक्टोबरची होती. वेंडेलची त्याच्याही दीड वर्ष आधीची, मार्चमधली. नाव ‘एकशे चौदा’.

“एकशे चौदा का?”

“असेल माझी एकशे चौदावी चाल. आकडे कोण लक्षात ठेवतो?”

“आणि ही दोन ओळींतच का संपते? पुढे जायला हवी असं मला तेव्हाही वाटलं होतं.”

“ट्रेलरला एवढीच लागते बाई! त्याच दोन ओळी, दर वेळी अजून मोठ्यानं. हे तुला मी शिकवू?”

मार्लीन सिरानुशकडे वळली. “तुमच्याकडे जुनं काही आहे? एखादा कागद?”

“कागद नाही. चाल मी तिकडे आर्मेनियात, येरेवानला केली, भाऊ सीमेवर गेला तेव्हा. रोज म्हणायचे. एकदा परदेशातले लोक रेकॉर्डिंगला आले होते, त्यांनी आम्हाला तीन दिवस—”

“इथं आत्मचरित्र नकोय!” वेंडेल कडाडला. “सगळ्यांचेच भाऊ कुठे ना कुठे जातात. तारीख आहे का तारीख?”

सिरानुशनं नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

मार्लीननं पेन उघडलं. “मला वाईट वाटतं. करारातलं तुमचं नाव काढून वेंडेलचं घालावं लागेल. आणि खरं सांगते, हे गाव लहान आहे. चोरीचा डाग लागला की पुन्हा कुणी बोलवत नाही.”

“कळतंय मला. खोडायच्या आधी एकदा ऐकाल? यंत्रावर नको.”

“ऐकवा की,” वेंडेल हाताची घडी घालून मागं रेलला. “पाठांतर तरी कळू दे.”

सिरानुश उठली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि गाऊ लागली. पहिली ओळ संपेपर्यंत वेंडेल हसत होता. दुसऱ्या ओळीत, सूर वर चढायच्या आधी, तिनं अर्धा श्वास घेतला.

वेंडेलच्या हाताची घडी सुटली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. दोन वर्षं, पट्टी दाबली की हाच गात होता.

दुसरी ओळ संपली. पेटीतला एकशे चौदा नंबरचा तुकडा तिथंच संपायचा. सिरानुश थांबली नाही, तिसरी ओळ गाऊ लागली.