सुट्टी सोसत नाही

आमचे आप्पा रविवारी वारले. पण ते राहू द्या. आप्पा ठणठणीत आहेत असं धरून सांगतो.

आप्पा जस्त चढवलेल्या पत्र्यांना वेल्डिंग करायचे. धूर छातीत गेला की वर गुळाचा खडा खायचा, हेच औषध. रविवारची सुट्टी संपवून कामावर गेले की सोमवारी संध्याकाळी त्यांना थंडीताप भरायचा. मंगळवारी पुन्हा धुरात उभे राहिले की गायब. यावरून त्यांनी शोध लावला, "बाळा, धूर बाधत नाही, सुट्टी बाधते." मग बावीस वर्षं त्यांनी रविवारीही काम केलं. मालकांनी शाल घालून सत्कार केला.

पुढे जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, "फुप्फुसं धुरानं गेलीत. आजपासून काम बंद."

आप्पा माझ्या कानात म्हणाले, "हा मारणार बघ मला."

घरी बसल्यावर तिसऱ्याच रविवारी... पण ते राहू द्या म्हटलं ना.

काल मालकांना अर्ज दिला: "महोदय, वडिलांना सुट्टी सोसत नाही, हे आपण जाणताच. गूळ आम्ही डब्यात देऊ. तरी त्यांना सोमवारपासून पुन्हा कामावर घ्यावे, ही नम्र विनंती."