हरकत

चिकूच्या बागेत माणसं लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकताना दिसली, तशी प्रमिला चुरी तरातरा तिथे गेली. "कुणाला विचारून?"

गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या कंपनीचा साहेब झाडाखाली तिच्याच खुर्चीवर बसला होता. त्याने शांतपणे पंचनामा पुढे केला. "तुम्हालाच विचारून, काकू. वाचा."

'जमीनमालकास समक्ष विचारले असता, पाइपलाइनसाठी झाडे तोडण्यास हरकत नाही असे सांगितले.'

तिला गेल्या महिन्यातली दुपार आठवली. हाच माणूस आणखी दोघांना घेऊन घामाने निथळत फाटकाशी उभा होता. "काकू, घडीभर सावलीत बसू का?" ती म्हणाली होती, "बसा की, हरकत नाही." वर ही खुर्ची आणून दिली, माठातलं पाणी दिलं, पिकलेले चिकू कापून पुढे ठेवले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सावलीत बसू का विचारलंत, आणि सावलीच तोडायचं लिहून घेतलंत? सही कुठाय माझी?"

"तोंडी संमती आहे ना, काकू. दोन पंचांनी ऐकलीय."

"तोंडी चालतं? मग आता सगळ्यांनी ऐका!" तिचा आवाज बागेच्या पार टोकापर्यंत गेला. खुंट्या ठोकणारे हात थांबले. "या जमिनीत एक खुंटी ठोकायलाही माझी हरकत आहे. तहसीलदारांना लेखीही देणार आहे मी."

मग तिने खुर्चीची पाठ धरली.

"आणि तुम्ही उठा. सावलीत बसायलाही हरकत आहे. घ्या लिहून!"