चार मणी

काब्याभोवतीच्या फेऱ्या मोजायला हस्नावतींच्या हातात सात मण्यांची दोरी होती. चार मणी पुढे सरकवलेले, तीन बाकी.

"परवा चौथी संपली आणि मधेच जावं लागलं," दुसऱ्या इंडोनेशियन जथ्याला वाट दाखवणारे उस्ताद दिसले, त्यांना हस्नावतींनी विचारलं. "आता पाचवीपासून घालू ना?"

"अहो इबू, दोन दिवस कुठं हिंडत होतात?" त्यांच्याकडच्या रीतीनं आईची हाक मारत उस्ताद हसले. "एवढा खंड पडल्यावर पहिलीपासूनच घातलेलं बरं. आणा, मणी मागे घेतो."

हस्नावतींनी मूठ गच्च मिटली.

"घालते पहिलीपासून. नव्या सात फेऱ्या बोटांवर मोजीन. मणी मात्र राहू देत, उस्ताद. काल यांना माती दिली. त्या चार आम्ही दोघांनी मिळून घातल्यात."