उजवा कौल

दुसऱ्या चढालाच ओमकारला दम लागला. एका ऐनाच्या बुंध्याला टेकून तो उभा राहिला. त्याची आई, तुळसा, केव्हाच वरच्या वळणावर पोचली होती. डोक्यावर ओटीची पाटी, काखेला नारळाची पिशवी, आणि श्वास मात्र घरच्या अंगणात उभी असल्यासारखा.

"बस जरा," ती वरून म्हणाली. "देवी काय पळून जात नाय."

आज वाघजाईला कौल लावायचा होता. तुळसाने कल्याणला मुलाकडे राहायला जावं की गावातच राहावं, हे देवी सांगणार होती. गेल्या पावसाळ्यात तुळसा घरात एकटीच तापाने फणफणली आणि ओमकारला ते कळलं ती बरी झाल्यावर. तेव्हापासून तो आणि त्याची बायको नम्रता तिच्या मागे लागले होते. तुळसा बधत नव्हती. "पोराच्या दारात जाऊन बसणारी मी नव्हे," हे तिने साऱ्या वाडीला ऐकवून ठेवलं होतं. शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "देवीने सांगितलं तरच येईन."

ओमकारने ते देवीवर सोडलं नव्हतं. त्याने रघू गुरवाला गुपचूप फोन केला. कौल म्हणजे देवीच्या दोन खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. पाकळ्या चिकटवणारे हात रघूचे. "काका, उजवीच पडू दे," ओमकार म्हणाला होता. रघू नुसता "बघू" म्हणाला.

जंगल संपलं आणि दोघं धारेवर आली. दोन्ही बाजूंना दरी, मधून पायवाट. वारा कानात घुसत होता. तुळसा खाली बोट दाखवत चालली होती.

"ते भुवडांचं घर. नालासोपाऱ्याला गेले. ते पलीकडचं गोताडांचं. गणपती झाल्यावर म्हातारीलाही घेऊन गेले." जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "पूर्वी दर मंगळवारी आम्ही सगळ्या बाया मिळून यायचो. गाणी म्हणत. आता मी एकटीच येते."

ओमकार तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या उंचावरून हिला एकेक कौलारू छप्पर ओळखता येतं. या वयात ही एकटी, न चुकता, हा डोंगर चढते. त्याच्या डोळ्यांपुढे कल्याणचा फ्लॅट आला. सातवा मजला. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची मोरी. तिथे ही दिवसभर काय करणार? टीव्हीसमोर बसून नम्रता ऑफिसातून यायची वाट बघणार. आपण आईला सांभाळायला नेत नाही आहोत, आपल्या जिवाचा घोर कमी करायला नेतो आहोत, असं त्याला एकदम वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

माथा दिसू लागला तोवर त्याचं ठरलं होतं. आई इथेच राहील. हवं तर आपण दर महिन्याला येऊ.

देवळात पोचताच तुळसाने खराटा घेतला आणि पाला झाडायला बाहेर गेली. ओमकारने रघूला गाभाऱ्यात गाठलं.

"काका, फोनवर बोललो ते विसरून जा. डावी पडू दे."

रघूने पाकळ्या पाण्यात बुडवल्या. "आता देवी काय म्हणते ते बघू," तो म्हणाला.

तुळसा आत आली, पदर सावरून हात जोडून बसली. रघूने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, तुझी लेक तुझ्यासमोर बसलीय. तिने मुलाकडे जावं असं तुझ्या मनात असेल, तर उजवी दे."

क्षणही लागला नाही. उजवी पाकळी घरंगळून खाली आली. डावी तिथेच, चुन्याने चिकटवल्यासारखी.

"परत लावा," ओमकार म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"देवीला पुन्हा पुन्हा विचारत नाहीत," रघू म्हणाला.

 खाली मान घालून तुळसाने ओटी भरली आणि बाहेरच्या पाषाणाला नारळ द्यायला गेली. तिची वाकलेली पाठ ओमकारला दिसली. त्याने रघूचा दंड धरला.

"काका, मी तुम्हाला डावी सांगितली होती. आता ती माझ्यामुळे घर सोडणार."

रघूने दंड सोडवून घेतला. दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या सांगण्यावर काय होतं बाबा. तुझा फोन यायच्या आधीच ती येऊन गेलेली. इथेच बसून रडली. म्हणाली, 'रघू, उजवीच दे. वाडीत बोलायला माणूस उरला नाय. पण मी आपणहून गेले असं सुनेला वाटता कामा नये.'"

बाहेर नारळ फुटला. तुळसा भकलं घेऊन आत आली. एक तुकडा तिने मुलाच्या हातावर ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"माझ्या मनात नव्हतं रे," ती म्हणाली. "पण देवीपुढे आपलं काय चालतं?"

ओमकारने खोबरं तोंडात टाकलं. "खरंय आई," तो म्हणाला. "आपलं दोघांचंही चालत नाही."